सात बोटं कुंकू

राक्षसाच्या डोक्यातून निघालं ते असं: स्टीलचे पोचे आलेले डबे नऊ. दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरी एकतीस, त्यांतली एक तुटलेली. दीडशे वॅटचे हॅलोजन दिवे दोन, अजून हात लावून न घेणारे. जीपच्या वायपरची मोटर एक. नारळाच्या काथ्याची राख मूठभर. आणि डब्यांची झाकणं काढल्यावर आत, सर्किटच्या पाट्यांवर, तांदळाच्या अक्षता अकरा, झेंडूची पाकळी एक आणि कुंकवाची बोटं सात.

बसवेशनं बोटं पुन्हा मोजली. सातच होती. नऊ डब्यांपैकी दोनांची झाकणं फार घट्ट बसायची. ती आईला उघडता आली नसणार.

रविवार, ३१ ऑक्टोबर २००४. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. कोल्हापुरातल्या त्या सभागृहात पडद्यापलीकडं खुर्च्या आवरणं चाललं होतं आणि आवरणाऱ्यांपैकी कुणीतरी राक्षसाच्या बेसूर आवाजाची नक्कल करत होतं. नक्कल चांगली होती. पडद्याअलीकडं राजवीर पायरीवर बसून खोबरेल तेलानं डोळ्यांभोवतीचं काजळ पुसत होता, गुंडू ड्रमचे स्क्रू सोडवत होता. पुण्याहून आलेले गृहस्थ दुसरं गाणं संपायच्या आतच वही मिटून उठले, हे तिघांनीही पाहिलं होतं.

अठरा दिवसांनी राजवीर मस्कतला जाणार होता. आता नक्की जाणार होता.

या सगळ्याची सुरुवात सहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका कपाटात झाली. बसवेश तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, विषय इलेक्ट्रॉनिक्स. कपाट आवरताना त्याला वाळवीनं कडा खाल्लेली सहा परदेशी मासिकं सापडली आणि त्यांत घरच्या घरी सिंथेसायझर कसा बांधावा याची लेखमाला. कल्पना साधी होती. वाद्य एका पेटीत कोंडायचं नाही, त्याचे तुकडे करायचे. एकानं नुसता सूर काढायचा, दुसऱ्यानं त्या सुराची धार बोथट करायची, तिसऱ्यानं तो कधी उठायचा आणि कधी विरायचा ते ठरवायचं. मग हे तुकडे वायरींनी हवे तसे जोडायचे. वायर बदलली की वाद्य बदललं. परदेशात असं तयार यंत्र मिळत होतं, पण त्या किमतीत पेठ वडगावात घर झालं असतं.

बसवेशच्या घरी पेठ वडगावच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. वडील, ईरप्पा, गल्ल्यावर बसत. माल ट्रकमधून उतरताना ठेचाळलेले डबे कुणी विकत घेत नसे, ते माळ्यावर पडून असत. बसवेशनं ते मागून घेतले. एका डब्यात एक तुकडा. झाकणाला भोकं पाडायची, त्यातून बटणं वर काढायची, आत पाटी बसवायची. बटणं जुन्या रेडिओंची, ट्रान्झिस्टर बंद पडलेल्या टीव्हींमधले, पिना प्रयोगशाळेच्या भंगारातल्या. जे मिळत नव्हतं त्याच्याऐवजी मिळेल ते. लेखात एक खास रेझिस्टर सांगितला होता, जो गरमीबरोबर स्वतः बदलतो आणि सुराला जागेवरून हलू देत नाही. मुंबईच्या दुकानदारानं त्याचं नाव ऐकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं मान वळवली. बसवेशनं तिथं साधा रेझिस्टर लावला आणि पुढच्या डब्याला हात घातला.

झाकणांना भोकं पाडून घ्यायला तो उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये गेला, तिथं त्याला राजवीर भेटला. राजवीर लेथवर कामाला होता. खांद्यापर्यंत केस, हातात तालमीतलं कडं. त्याचे वडील हंबीरराव मर्दानी खेळाचे वस्ताद, पट्टा फिरवण्यात त्यांचं नाव होतं. पोरगा मात्र पुण्याहून आणलेल्या कॅसेटी ऐकून गिटार वाजवायचा आणि घशातून असा आवाज काढायचा की शेजारच्या लेथवाल्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा याचा हात मशीनमध्ये गेला असं समजून त्यानं मेन स्विच पाडला होता.

राजवीरनं भोकं पाडली आणि विचारलं, डब्यांचं काय करणार. बसवेशला हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता आणि उत्तर अर्धं झालं की ऐकणाऱ्याचे डोळे दुसरीकडं जायचे. राजवीर संध्याकाळी राजारामपुरीतल्या बसवेशच्या खोलीवर आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि दोन तास ऐकत राहिला. शेवटी म्हणाला,

"हे नुसतं रडतंय, का हसतंय पण?"

बसवेशनं एक वायर काढून दुसरीकडं लावली. डबा हसला. खोल विहिरीत बसून कुणी हसावं तसा.

"बश्या," राजवीर म्हणाला, "ह्याला तोंड पायजे."

तोंड मिळालं गणपती मंडळाच्या शेडमागं. मंडळाचा रंगारी बाळासो यानं देखाव्यासाठी केलेलं राक्षसाचं डोकं, कागदाच्या लगद्याचं, माणूस आत उभा राहील एवढं. अकरा दिवस देवीनं त्याला रोज मारलं होतं आणि बाराव्या दिवसापासून ते पत्र्याखाली पडून होतं. बाळासोनं ते फुकट दिलं, फक्त दात नीट ठेवा म्हणाला. दातच सगळ्यात आधी गेले.

त्यांच्या कार्यक्रमाची रीत अशी बसली. गुंडू ड्रमवर, राजवीर गिटार आणि गाणं, तोंडाला काजळ आणि बसवेशच्या घरची विभूती. बसवेश राक्षसाच्या मागं, कुणाला न दिसणारा. पडदा उघडला की राजवीर राक्षसाला हात जोडायचा आणि म्हणायचा, या पावणं, जेवून जावा. वायपरच्या मोटरीवर जबडा उघडायचा आणि आतून बसवेशचे डबे गुरगुरायचे. राजवीर विचारायचा, तिखट लागलं व्हय? लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसताच गुंडूचा पहिला ठोका त्यांच्या छातीत बसायचा. परदेशातले गायक स्टेजवर रक्त ओकतात हे राजवीरनं मासिकात पाहिलं होतं. त्यासाठी त्यानं रंग आणला नाही. आपल्याकडं तांबडा रस्सा हाय की, म्हणाला. बसवेशच्या घरात लसूणसुद्धा जपून वापरत, तो रश्श्याच्या तांब्यापासून चार हात लांब बसायचा. शेवटच्या गाण्यात राजवीर पत्र्याच्या दांडपट्ट्यानं पावण्याला मारायचा, त्याचा एक दात उपटायचा आणि लोकांत फेकायचा. दर कार्यक्रमाआधी बसवेश प्लास्टरचा नवा दात करायचा. चार वर्षांत सव्वीस दात झाले.

त्यांच्यातलं सगळ्यात चांगलं गाणं सवालजबाबाचं होतं. राजवीर एक ओळ म्हणायचा, पावणं तीच ओळ त्याच सुरात, तीन सप्तकं वर चढत परत फेकायचं. शेवटी दोघं एकाच वरच्या सुरावर येऊन थांबायचे. तिथं कुणी हसत नसे. बसवेशला मागच्या अंधारात फक्त त्या सुरासाठी बसावंसं वाटायचं.

२००४ च्या पावसाळ्यात हंबीररावांनी पोराला समोर बसवलं. चुलता मस्कतमध्ये वर्कशॉपला होता, त्यानं जागा करून ठेवली होती, व्हिसा आला होता, अठरा नोव्हेंबरचं तिकीट होतं. पुण्याच्या एका मोठ्या महोत्सवासाठी बँड निवडायला ऑक्टोबरअखेर माणूस येणार होता. हंबीरराव कडक होते, पण वस्तादाचा न्याय त्यांना ठाऊक होता. कुस्ती होऊ दे म्हणाले. पुण्याला नाव लागलं तर राहा, मी चुलत्याला कळवतो. न्हाय लागलं तर पुन्यांदा हा विषय न्हाय.

राजवीरनं हे खोलीवर येऊन सांगितलं. गेला तर बँड संपणार, हे सांगायची गरज नव्हती. बसवेशनं त्या दिवसापासून वहीत उलटी गिनती सुरू केली.

त्यानं दोन बदल केले. आजवर डबे राक्षसाच्या मागं टेबलावर, उघड्यावर असायचे आणि बाजूला बसलेल्यांना वायरी दिसायच्या. पुण्याच्या माणसाला काहीच दिसू नये, पावणं खरंच बोलतंय असं वाटावं, म्हणून त्यानं सगळे डबे डोक्याच्या आत फळी ठोकून बसवले आणि स्वतःही आतच बसायचं ठरवलं. आणि डोळ्यांतले लाल मिणमिणते बल्ब काढून तिथं हॅलोजन लावले. डोळे असे पेटले की गुंडू म्हणाला, ह्येच्याकडं बघून मला माझा ठोका सुचंना. सरावात त्यांनी दिवे चार मिनिटं लावून पाहिले, नंतर विजेच्या बिलावरून घरमालक ओरडेल म्हणून बंद ठेवले.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी बसवेश डबे पोत्यात भरून वडगावला घरी घेऊन गेला. घरी आवाज कमी, पहाटे सूर नीट लावता येत. दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी तो पिना आणायला बाजारात गेला तेव्हा त्याची आई, नीलम्मा, जिला तो अव्वा म्हणायचा, पूजेला बसली होती. खंडेनवमीला घरात ज्या ज्या वस्तूच्या जिवावर पोट भरतं तिला हळदकुंकू लागतं. दुकानाचा तराजू, कात्री, विळी, शिवणयंत्र, ईरप्पांची लुना. बसवेश परत आला तेव्हा सगळीकडं झेंडूची फुलं होती. आपल्या डब्यांवर कुंकू नाही हे त्याला दिसलं आणि थोडं बरंच वाटलं. झाकणं उघडून बघायचं कारण नव्हतं. सूर लावायचे स्क्रू झाकणाच्या भोकांतून फिरवता येत.

कार्यक्रम सहाला सुरू झाला. पहिलं गाणं झालं, लोक हसले, रस्सा ओकून झाला, पुण्याचे गृहस्थ पुढं सरकून बसले. दुसरं गाणं सवालजबाबाचं. तोवर हॅलोजन पंचवीस मिनिटं पेटलेले होते, नाकपुड्यांतून काथ्याचा धूर निघावा म्हणून आत निखाऱ्याचं घमेलं होतं, आणि बसवेशचा शर्ट अंगाला चिकटला होता. राजवीरनं पहिली ओळ टाकली. पावण्यानं खाली बरोबर उत्तर दिलं. दुसऱ्या ओळीला सूर चढला आणि चढताना कुठंतरी मागं राहिला. तिसऱ्या ओळीला तो जवळपास दोन पट्ट्यांनी उतरला होता. बसवेश स्क्रू फिरवत होता. वरचा सूर जागेवर आणला की खालचा पळत होता. लोकांना वाटलं हा विनोद आहे, ते हसायला लागले. राजवीर शेवटच्या सुरावर जाऊन उभा राहिला, एकटा. राक्षसाचा जबडा उघडत होता, मिटत होता, आणि त्यातून दुसराच सूर येत होता. राजवीरनं तो सूर दम संपेपर्यंत धरला. मग त्यानं गिटार खाली ठेवली. त्या दिवशी दात उपटला गेला नाही.

आणि आता डबे उघडे होते आणि आत सात बोटं कुंकू होतं.

बसवेशनं राजवीरला हाक मारून दाखवलं. ओलं कुंकू वीज वाहू देतं, या जागी एवढीशी गळती झाली तरी सूर हलतो, हे त्यानं समजावून सांगितलं. बोलता बोलता त्याची खात्री होत गेली. पूजेनंतर दहा दिवस सरावात यंत्र सुरात होतं, हे त्याला आठवलं नाही. स्क्रूला हात लावेपर्यंत खालचे सूर बरोबर होते, हेही नाही. राजवीरनं सगळं ऐकलं, तेलकट फडका खांद्यावर टाकला आणि पहिल्यांदाच हसला.

"अव्वांनी पावण्याला सवाष्ण केलं की रं," तो म्हणाला. "लाजलं बिचारं."

गुंडूही हसला. ते हसणं रडण्याच्या ऐवजी होतं, पण ते तिथंच राहिलं नाही. निरोपाच्या जेवणांत राजवीर ती गोष्ट सांगत राहिला, कारण बेसूर बँडपेक्षा ती गोष्ट सांगायला सोपी होती.

बसवेशनं त्याच रात्री स्पिरिट आणि बोळा घेऊन सातही बोटं पुसून टाकली. सकाळच्या पहिल्या एसटीनं घरी गेला. नीलम्मा अंगणात तांदूळ पाखडत होती. त्यानं पोतं तिच्यासमोर ठेवलं.

"झाकणं कशाला उघडलीस? सात बोटं मोजली मी आत."

तिला आधी समजलं नाही. समजल्यावर ती म्हणाली, "डब्याला काय लावायचं? डबे दुकानात शंभर हायत. तुझं काम आत हाय, म्हणून आत लावलं."

"अव्वा, तुझ्या हातानं गेलं सगळं," बसवेश म्हणाला. "चार वर्षांचं. राजवीर चालला. तुझा हात लागला आणि गेलं."

नीलम्मानं हातातलं सूप खाली ठेवलं. ती हाताकडं बघत नव्हती, पोत्याकडं बघत होती.

"मी नमस्कार केला की रे त्याला," ती म्हणाली.

अठरा तारखेला राजवीर गेला. त्याची गोष्ट मात्र गेली नाही, ती आठवडी बाजाराच्या दिवशी वडगावला पोचली. दुकानात आलेल्या बायका म्हणू लागल्या, नीलम्मा, आमच्या मिक्सरला हात लावू नका हं, गाणं म्हणायला लागंल. पहिल्या दोन वेळा तीही हसली. बायकांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पोरानं जे रागानं म्हटलं आणि गाव जे हसून म्हणत होतं, ते दोन्हीकडून येऊन एकाच ठिकाणी बसलं.

मे महिन्यात नीलम्माच्या भाचीचं, भूमिकाचं, लग्न होतं. हळदीला सवाष्णींनी कुंकू लावायची वेळ आली तेव्हा मावशी कुठं आहे म्हणून शोधाशोध झाली. नीलम्मा कोठीत पत्रावळ्या मोजत होती. तिनं तिथूनच सांगितलं, तुम्ही लावा, माझा हात नको. भूमिका रुसली, ईरप्पा चिडले, पण ती बाहेर आली नाही. नव्या घराच्या चौकटीला, नव्या गाडीला, शेजारच्या बाळाच्या कपाळाला, कशालाच तिनं पुन्हा बोट लावलं नाही. स्वतःचं कुंकू ती रोज लावायची, तेवढंच. २००५ च्या खंडेनवमीला शेजारची सून, वर्षाराणी, हिला बोलावून तिच्याकडून तराजूची पूजा करवून घेतली. नीलम्मा ताट धरून दोन पावलं मागं उभी होती.

बसवेशला हे सगळं दिसत होतं. त्याला वाटायचं, खरं ते खरं, वेळ जाईल तसं जाईल. तो राजारामपुरीतल्या क्लासमध्ये बारावीची प्रात्यक्षिकं घ्यायचा, डबे खोलीत खाटेखाली होते. मस्कतहून राजवीरचा दोनदा फोन आला. दुसऱ्या वेळी त्यानं विचारलं, पावणं काय म्हणतंय? बसवेश म्हणाला, गप्प हाय. त्यानंतर फोन आला नाही. पावण्याचं डोकं बाळासोच्या शेडमागं पुन्हा पत्र्याखाली गेलं होतं आणि त्या पावसाळ्यात त्याचा लगदा झाला.

सप्टेंबर २००६ मध्ये एका सकाळी बसवेश मुलांना ट्रान्झिस्टरवर तापमानाचा परिणाम दाखवत होता. दरवर्षी दाखवायचा. गरम सोल्डरिंग आयर्न ट्रान्झिस्टरपासून बोटभर अंतरावर धरायचं आणि मीटरचा काटा सरकताना बघायचा. काटा सरकला. मुलांनी वाचन लिहून घेतलं. बसवेशनं आयर्न धरलेला हात तसाच ठेवला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं सर, सर म्हणून हाक मारली तेव्हा ट्रान्झिस्टरचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं.

खोलीवर येऊन त्यानं जुन्या वह्या काढल्या. १४ फेब्रुवारी २००० च्या पानावर त्याच्याच अक्षरात होतं: तापमानाचा रेझिस्टर मिळाला नाही. साधा लावला. तात्पुरता. मिळाल्यावर बदलणे.

त्यानं सूर काढणारा एक डबा खोक्यात ठेवला, शेजारी शंभर वॅटचा दिवा आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर. चोवीस अंशांना खालचा सूर एकशे दहा हर्ट्झ, वरचा आठशे ऐंशी. त्रेचाळीस अंशांना खालचा एकशे दहा, वरचा सातशे अठ्ठ्याहत्तर. जवळपास दोन पट्ट्या. खालचा जागेवर, वरचा उतरलेला. त्या संध्याकाळसारखंच.

पण यानं कुंकू सुटत नव्हतं. गरमीनं सूर उतरतो हे सिद्ध झालं, कुंकवानं उतरत नाही हे नाही. आणि मूळचं कुंकू त्यानंच स्पिरिटनं पुसलं होतं. ते पुन्हा लावावं लागणार होतं. तेच कुंकू, तेवढंच पाणी, तोच हात.

१ ऑक्टोबर, रविवार, खंडेनवमी. बसवेश सूर काढणारे दोन डबे, मीटर आणि थर्मामीटर घेऊन सकाळी घरी पोचला. खिडकीशी टेबल लावलं, दोन्ही डब्यांचा वरचा सूर आठशे ऐंशीवर आणला, आणि नीलम्माला हाक मारली. त्यानं नीट सांगितलं. चूक कदाचित माझी आहे, मला तपासायचं आहे, तेव्हा लावलंस तसंच लाव. एका डब्याला लाव, दुसरा कोरा राहू दे.

"वर्षाराणी यायची हाय," ती म्हणाली. "तिला सांग."

"तिचं बोट न्हाय चालणार, अव्वा. तुझंच पायजे."

ती करंडा घेऊन आली, बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि बसवेशनं दाखवलेल्या जागी लावलं. दोन वर्षांनी तिनं स्वतःच्या कपाळाशिवाय कशाला तरी बोट लावलं होतं. टिळा जरा लांबट आला. सवयीनं तिचे हात जुळायला गेले, पण तिनं ते खाली घेतले.

बसवेशनं मीटरच्या दोन सुया कुंकवाच्या दोन बाजूंना टेकवल्या. आकडा आला: एक लाख ऐंशी हजार ओहम. खूप कमी, म्हणजे वीज गळत होती. सूर लगेच हलला.

ती आकड्याकडं बघत नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती.

"लागलं न्हवं?" ती म्हणाली.

तिच्याशी खोटं बोलावं असं त्याला एक क्षण वाटलं. "ओलं हाय म्हणून," तो म्हणाला. "वाळू दे. त्या वेळी दहा दिवस गेलते मधे. थांब जरा."

"लागलं म्हणजे लागलं," ती म्हणाली. नळाखाली बोट धुतलं, पदराला पुसलं, आणि पूजेचं ताट घेऊन समोर दुकानात निघून गेली.

बसवेश बसून राहिला. दर दहा मिनिटांनी सुया टेकवायचा आणि आकडा लिहायचा. तीन लाख. नऊ लाख. बावीस लाख. बाहेर लोक लुना धूत होते, कुणीतरी रेडिओ लावला होता. एका तासानंतर कुंकू बोटाला भुकटीसारखं लागू लागलं. आणखी वीस मिनिटांनी मीटरच्या पडद्यावर आकडाच उमटला नाही, म्हणजे कुंकवातून वीज जाणं थांबलं होतं.

तो उठला आणि चपला न घालताच दुकानात गेला. वर्षाराणी आली होती. नीलम्मा ताट धरून मागं उभी होती, ईरप्पा तराजूची पारडी पुसत होते. बसवेश म्हणाला,

"अव्वा, तुझं कुंकू न्हवतं. मी एक रेझिस्टर बदलला न्हवता. माझं चुकलं. तुझ्या हाताचं काय न्हवतंच."

नीलम्मानं ऐकलं. बरेच दिवस आजारी असलेल्या माणसाकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "जेवून जा. उगं मन राखायला कायबी बोलत जाऊ नकोस."

"मन राखायला न्हाय. मोजलंय मी."

"तेव्हाबी मोजलंतंस की," ती म्हणाली.

ईरप्पांनी पारडी तराजूला अडकवली. बसवेशनं ताटातला करंडा उचलला आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, एक पाऊल मागं सरली, आणि वर्षाराणीच्या हातात दिला.

"लाव बाई," ती म्हणाली. "मुहूर्त चाललाय."

बसवेश घरात परत आला. टेबलापाशी बसला. थर्मामीटर पाहिला, दोन्ही डब्यांना आळीपाळीनं वायर लावली, आणि वहीत शेवटची नोंद केली.

वेळ अकरा पंचावन्न. तापमान अठ्ठावीस अंश, सकाळपेक्षा एक अंश जास्त. वाळलेल्या कुंकवाचा रोध वीस मेगओहमपेक्षा जास्त, मीटरच्या मापाबाहेर. वरचा सूर, कुंकवाचा डबा: ८७४. वरचा सूर, कोरा डबा: ८७४.